ढोल सांगतो ती गोष्ट : ओमान, आफ्रिका आणि आपण

ढोलाच्या नादी लागलेल्या लोकांची जगात एक पंढरी आहे. ती म्हणजे क्यूबा. युरोप-अमेरिकेतले, जपानमधले हौशी आणि व्यावसायिक वादक हवाना आणि मातान्झास या शहरांत जाऊन राहतात. तिथल्या उस्तादांच्या पायाशी बसून 'बाता' नावाचे ढोल शिकतात. बाता म्हणजे आपल्या पखवाजाचा लांबचा भाऊच म्हणा ना! मांडीवर आडवा घ्यायचा, एक तोंड मोठं, दुसरं लहान. असे तीन ढोल एकत्र वाजतात. त्यातला सगळ्यात मोठा तो 'इया', म्हणजे आई. ही आई बोलते आणि बाकीचे दोघे तिला उत्तर देतात.

हे ढोल क्यूबाच्या मातीतले नव्हेत. पश्चिम आफ्रिकेतून, विशेषतः आजच्या नायजेरियाच्या बाजूने, योरुबा लोकांना गुलाम करून उसाच्या मळ्यांवर आणलं गेलं, त्यांच्याबरोबर ते आले. क्यूबात गुलामगिरी संपली ती १८८६ साली. तोवर या लोकांची गावं गेली, नावं गेली, देव उघडपणे पुजायची सोय राहिली नाही. मग त्यांनी काय केलं? मेघगर्जनेचा देव चांगो याला ख्रिस्ती संत बार्बराच्या मूर्तीआड बसवलं आणि त्याच्या नावाचा ठेका चालू ठेवला. प्रत्येक देवाचा ठेका वेगळा. ठेका ऐकला की जाणकाराला कळतं, आता कोणाला बोलावणं चाललंय ते. त्याच लोकांतून पुढे 'रुंबा' निर्माण झाला आणि २०१६ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद केली.

आता तुम्ही म्हणाल, दिवाळी अंकात क्यूबा कुठून आला? मंडळी, सांगायचं आहे ते वेगळंच. आफ्रिकेचा ढोल ऐकायला मस्कतकरांनी अर्धी पृथ्वी ओलांडायची गरज नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जशी माणसं क्यूबात गेली, तशी पूर्व किनाऱ्यावरून ती इथे आली आणि ढोल घेऊनच आली. आपण मात्र वर्षानुवर्षं इथे राहून वीकएंडला वाडी शाब आणि निझवाचा किल्ला करतो, आणि हा ठेका कानावर पडला तर "काहीतरी लोकल प्रोग्रॅम दिसतोय" म्हणून गाडी पुढे काढतो.

लिवा : सनई, डबा आणि गोल रिंगण

सूर, सोहार, मस्कत, बातिना किनाऱ्यावरची गावं, तिकडे दक्षिणेला सलाला. या सगळ्या किनाऱ्यावर 'लिवा' नावाचा प्रकार चालतो. लग्नात, सणाला, राष्ट्रीय दिनाच्या कार्यक्रमात. माणसं गोल रिंगण धरून संथ पावलं टाकत फिरतात. मधे ढोल. सगळ्यात मोठा तो उभा, उंच, पायावर उभा केलेला ढोल, त्याला 'मुसुंदू' म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सोबत लहान ढोल आणि चक्क एक पत्र्याचा डबा! दोन काठ्यांनी तो अखंड वाजत असतो. क्यूबातल्या रुंब्यात हेच काम लाकडी दांडक्यांचं असतं. बाकीच्यांनी कितीही फिरावं, काळ मोजणारा एकजण जागचा हलत नाही. सुरुवातीला सगळं सावकाश चालतं आणि मग लय हळूहळू चढत जाते.

आणि या सगळ्यावर सूर धरणारं वाद्य कोणतं? सनई! नाव 'सुरनाई' किंवा 'मिझमार', पण घराणं तेच. आपल्या सनई-चौघड्यावर वाढलेल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटतं. ओमानच्या लोकसंगीतात शंखसुद्धा वाजतो, त्याला 'जिम' म्हणतात.

ठेक्यातली गंमत समजायला दादरा आठवा. सहा मात्रा. त्या तीन-तीन अशा मोजता येतात, तशाच दोन-दोन-दोन अशाही मोजता येतात. आपण एका वेळी एक हिशेब धरतो. आफ्रिकेत एक ढोल पहिला हिशेब धरतो, दुसरा त्याच वेळी दुसरा. म्हणून पाय आपोआप हलतात, पण सम कुठे आहे ते चटकन सापडत नाही. शब्दांकडे कान दिलात तर अरबीच्या मधे स्वाहिली शब्द येतात. काही ठिकाणी गाणाऱ्यालाही त्यांचा पुरता अर्थ माहीत नसतो. आजोबांनी म्हटलं म्हणून तो म्हणतो.

वारा आणि व्यापार

हे इथे आलं कसं, ते समजायला मोसमी वारे समजले पाहिजेत. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की ओमानची गलबतं खजूर, कापड, सुकी मासळी घेऊन आफ्रिकेकडे निघायची. उन्हाळ्याच्या तोंडाला वारा फिरला की परत. हा प्रवास शेकडो वर्षं चालू होता. १६५० मध्ये ओमानी लोकांनी पोर्तुगीजांना मस्कतमधून हाकललं आणि १६९८ मध्ये मोंबासाचा फोर्ट जीझसही घेतला. पुढे सय्यद सईद बिन सुलतान याने १८३०च्या दशकात झांझिबारला आपली दुसरी राजधानी केली आणि तिथे लवंगेची लागवड वाढवली. लवंग तोडायला माणसं लागतात. ती आफ्रिकेच्या आतल्या भागातून साखळदंडात बांधून आणली गेली. काही मळ्यांवर राहिली, काहींना गलबतांत घालून उत्तरेकडे पाठवलं. खजुराच्या बागांत, मोती काढणाऱ्या होड्यांवर, घराघरांत.

यात आपल्या देशाचे लोक नव्हते असं समजू नका. झांझिबारच्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. जी जकात हस्तिदंतावर आणि लवंगेवर, तीच आणलेल्या माणसांवरही वसूल व्हायची. हस्तिदंत मग मुंबईच्या बाजारात यायचा, आणि आपल्याकडच्या लेकीसुनांचे चुडे त्यातूनही बनायचे. स्वाहिली भाषेत आजही 'चपाती' आहे, गाडीला 'गारी' आणि लाखाला 'लाकी' म्हणतात. हे शब्द ऐकून मजा वाटते खरी, पण ते ज्या बाजारातून गेले तिथे माणसंही विकली जात होती, हे विसरून चालत नाही.

१८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर या प्रदेशात आले. एप्रिलमध्ये मस्कतच्या सुलतान तुर्कींनी गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणाऱ्या करारावर सही केली. झांझिबारच्या सुलतान बरगश यांनी आधी नकार दिला आणि जूनमध्ये ब्रिटिश आरमाराच्या दबावाखाली मान्य केलं. व्यापार बंद म्हणजे गुलामगिरी बंद नव्हे. ओमानमध्ये ती कायद्याने संपली १९७० मध्ये, सुलतान काबूस गादीवर आल्यावर. म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्या जन्मानंतर!

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. मस्कतच्या ऑफिसात जे सहकारी आपसात स्वाहिली बोलतात, त्यांतले पुष्कळ 'झांझिबारी' म्हणजे पूर्वी तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या ओमानी घराण्यांतले. १९६४च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि १९७० नंतर त्यांतले बरेच जण मायदेशी परतले. ज्यांना बळजबरीने आणलं, त्यांच्या वंशजांची कथा वेगळी. त्यांच्याकडे जमिनीचे कागद नव्हते, वंशावळी नव्हत्या. ढोल होता.

तंबुरा आणि अंगात येणारं वारं

'तंबुरा' म्हटलं की आपल्यापुढे गवयाच्या मागचा तानपुरा येतो. इथला तंबुरा म्हणजे सहा तारांचं मोठं वाद्य, लाकडी भांड्यावर कातडं ताणलेलं आणि वर दोन हात काढून मधे आडवी पट्टी. हे सुदान-नुबियाकडून आलं, म्हणून या प्रकाराला 'नुबान' असंही म्हणतात. याच्याबरोबर नाचणारा कमरेला 'मंजूर' बांधतो. बकऱ्यांच्या खुरांचा पट्टा. तो कंबर हलवतो आणि शेकडो खुरं एकदम खळखळतात. घुंगरूच, पण कमरेचे.

तंबुरा हा नुसता करमणुकीचा प्रकार नाही. त्याचा संबंध 'झार'शी आहे. एखाद्याला आजार आहे, उपाय चालत नाही, तर त्याला कोणी अदृश्य शक्तीने धरलंय असं मानायचं आणि तिला ठेक्याने, गाण्याने, धूप घालून शांत करायचं. कोणता ठेका लागू पडला त्यावरून धरणारा कोण ते ओळखायचं. इथिओपिया, सुदान, इजिप्तपासून आखाताच्या दोन्ही काठांवर हे आढळतं. पलीकडे इराणच्या दक्षिण किनाऱ्यावर या शक्तींना चक्क 'वारं' म्हणतात, आणि धरलेल्या माणसांना 'हवेची माणसं'. आपल्याकडे अंगात वारं येतं, ते हेच नाही का? ज्याने गावच्या जत्रेत ढोल वाढताच एखादी बाई घुमू लागलेली पाहिली आहे, त्याला हे परकं वाटायचं कारण नाही.

क्यूबातला चांगो संतांच्या आड राहिला. इथे सगळे मुसलमान झाले आणि गाण्यांत अल्ला-पैगंबराचं नाव आलं. धर्मशास्त्र जाणणाऱ्यांना हे प्रकार पसंत नसतात, तरी ते टिकले. आवरण बदललं, आतला ठेका बदलला नाही.

आपल्या अंगणातला ढोल

आता ते 'मुसुंदू' नाव आठवा. गुजरातमध्ये राजपिपळ्याजवळ रतनपूरला बावा गोर या हबशी संताचा दर्गा आहे. तिथले सिद्दी जो नाच करतात त्याचं नाव 'गोमा'. स्वाहिलीत 'न्गोमा' म्हणजे ढोल, आणि ढोलाबरोबरचा नाचही. आणि त्यांच्या एका ढोलाचं नाव? 'मुसिंदो'! समुद्राच्या दोन काठांवर, एकमेकांना न भेटलेल्या लोकांनी एकच शब्द जपून ठेवला.

आपल्या शाळेच्या पुस्तकात सिद्दी भेटतो तो जंजिऱ्याचा, शिवाजी महाराजांना दाद न देणारा. दुसरा भेटतो मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला, आणि शेवटी निजामशाहीचा सर्वेसर्वा होऊन १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा. पण साधे सिद्दी आपल्याला माहीत नसतात. कारवारच्या वर, यल्लापूर-हल्याळच्या रानात हजारो सिद्दी राहतात. पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटलेल्या आणि सुटलेल्या गुलामांचे हे वंशज. घरात कोकणी बोलतात, त्यात मराठीही मिसळलेली. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. पण 'दमाम' हा ढोल तिघांचाही, आणि त्यांच्या बायका फुगडीही घालतात. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी हे कर्नाटक विधान परिषदेत गेले, तिथवर पोचलेले पहिले सिद्दी.

आणि नाशिक! नाशिककरांनो, शरणपूर रोड तर माहीतच असेल. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने गुलामांची गलबतं पकडून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली जायची आणि त्यांतली कित्येक शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा ज्या लोकांनी त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणला त्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये तो देहाबरोबर लंडनपर्यंत गेला. अशा 'नाशिकच्या पोरांतले' बरेच जण पुढे मोंबासाजवळ फ्रियर यांच्या नावाने वसवलेल्या फ्रियरटाउनमध्ये स्थायिक झाले. या मुलांनी सुतारकाम शिकलं, लोहारकाम शिकलं, प्रार्थना शिकल्या. पण लहानपणीच आईबापांपासून तोडलेल्या मुलाला ठेका कोण शिकवणार? सूरमध्ये, रतनपूरला, यल्लापूरला माणसं एकत्र राहिली म्हणून ढोल राहिला.

हे आपणा परदेशस्थांना समजण्यासारखं आहे. आपणही इथे गणपतीत ढोल-ताशा बडवतो, मुलांना आरत्या पाठ करायला लावतो. तरी तुलना जपूनच करायला हवी. आपण पासपोर्ट घेऊन, पगारासाठी, स्वखुशीने आलो आणि दरवर्षी तिकीट काढून आजीला भेटून येतो. त्यांना परतीचा रस्ता नव्हता. आपल्या मुलांना भाषा शिकवायला पुस्तकं आहेत, शाळा आहेत, मंडळं आहेत. त्यांच्याकडे पत्र्याचा डबा होता आणि तेवढ्यावर त्यांनी पिढ्यान् पिढ्या काढल्या.

ओमान सरकारने १९८३ मध्ये पारंपरिक संगीताचं केंद्र स्थापून गावोगावचे हे प्रकार ध्वनिमुद्रित करून ठेवले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण मुद्रण ऐकणं वेगळं आणि रिंगणाच्या कडेला उभं राहणं वेगळं. तेव्हा यंदा हिवाळ्यात सूरला जाल तर कासवांच्या किनाऱ्यावरून परतताना गावात एक संध्याकाळ काढा. सलालाला खरीफ बघायला जाल तेव्हा लोककलांचे कार्यक्रम कुठे आहेत ते विचारा. लिवा उघड्यावर चालतो, कोणीही बघावा. झार मात्र घरचा, दुखण्याखुपण्याचा विषय, तो तमाशा म्हणून शोधत फिरू नये. मोबाइल काढण्याआधी विचारावं, "मुमकिन?" एवढं पुरतं. बहुतेक वेळा आधी कावा आणि खजूर पुढे येतात, आणि मग शेजारी बसायला जागा होते. मुलांना बरोबर न्या. त्यांना आधी सनई ओळखू येते का बघा, आणि मग ढोलाकडे बोट दाखवून सांगा की हा इथे कसा आला.