गाठ साधी, जागा वाईट

पारोळ्याजवळच्या आमच्या गावात आत्याला सगळे दमेकरीच समजायचे. “छातीमा धडधड व्हस,” ती सांगायची. बसली की धाप लागायची, कुशीवर आडवी झाली की बरं वाटायचं. दम्यात किंवा हृदय थकल्यावर बहुतेकदा याच्या उलट होतं, माणूस आडवा झाला की गुदमरतो. हा फरक कुणी विचारलाच नाही. दोन वर्षं धुळ्याहून पंप आणि गोळ्या येत राहिल्या.

२००९ साली जळगावातल्या एका डॉक्टरांनी इको केली. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यातला एक गोळा प्रत्येक ठोक्याला झडपेत उतरत होता आणि परत वर जात होता. मिक्सोमा. “कॅन्सर नाही,” ते म्हणाले. आम्हाला हायसं वाटलं. “पण ऑपरेशन लांबवू नका,” ते लगेच म्हणाले.

साधी गाठ, मग घाई कशाला? कारण ती देठानं लोंबकळत असते. झडपेचं दार अडलं तर माणूस जागीच कोसळू शकतो, तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा मारतो. स्टेथोस्कोपमधून ती संधिवाताच्या तापानं आकसलेल्या झडपेसारखीच ऐकू येते. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही गाठ बहुतेक वेळा शवविच्छेदनातच सापडायची.

चित्र बदललं ते स्वीडनमध्ये. लुंड शहरात इंगे एडलर या डॉक्टरांना आकसलेली झडप छाती न उघडता तपासायची होती. भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी त्यासाठी धातूतल्या भेगा शोधणारं अल्ट्रासाउंड यंत्र वापरून पाहिलं, तेही मालमोच्या जहाजगोदीतलं. ऑक्टोबर १९५३ मध्ये दोघांनी हृदयाची हालचाल टिपली. १९५९ मध्ये जर्मनीत एफर्ट आणि डोमानिग यांनी याच पद्धतीनं हृदयातली गाठ ओळखली.

गाठ काढण्यासाठी मात्र हृदय थांबवून उघडावं लागतं. तोवर रक्ताला ऑक्सिजन देऊन शरीरात फिरवण्याचं काम हार्ट-लंग मशीन करतं. अशा यंत्राच्या आधारानं क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी १६ जुलै १९५४ रोजी स्टॉकहोममध्ये एका बाईच्या हृदयातला मिक्सोमा काढला. ती वाचली. असं यश जगात पहिलंच होतं.

आत्याच्या वेळी हे सगळं जुनं झालं होतं, तरी आमच्यापासून लांबच होतं. धुळ्यात सरकारी मेडिकल कॉलेज आधीपासून आहे, जळगावात ते २०१८ साली आलं. आम्ही जळगावहून रात्रीची गाडी धरून मुंबई गाठली. सर्जननी देठासकट पडद्याचा तुकडा कापला आणि तिथे पॅच लावला, मूळ राहिलं तर गाठ पुन्हा वाढू शकते म्हणून.

आत्या आता दरवर्षी इको करून येते. गावात कुणाला धाप लागली की औषधाचं नाव विचारायच्या आधी ती एकच विचारते, “बसल्यावर जास्त लागते, की झोपल्यावर?”