जबडा आईचा, दात बापाचे

देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या शाळेमुळे देशभरातली कुटुंबं येऊन राहतात. अशा गावात आंतरप्रांतीय लग्नांचं नवल नाही. पण त्या घरातल्या मुलाचे दात वेडेवाकडे आले की कुणीतरी म्हणतंच, जबडा आईचा नि दात बापाचे, मग मावणार कसे?

या समजुतीला शास्त्राचं बळ मिळालं ते कुत्र्यांमुळे. अमेरिकेतल्या चार्ल्स स्टॉकर्ड यांनी वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांचा संकर केला. काही पिल्लांचे वरचे-खालचे जबडे एकमेकांशी जुळेनात. त्यांचा ग्रंथ १९४१ साली, मृत्यूनंतर, छापून आला आणि निष्कर्ष थेट माणसाला लावला गेला. पण कुत्र्यांच्या अनेक जातींमध्ये हाडांची वाढ खुंटवणारी जनुकं असतात. आखूड पाय, आखूड नाकाड त्यांच्यामुळे. माणसात असं सर्रास घडत नाही. शेवटी १९७१ साली हवाई बेटांवरच्या शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे जपानी, चिनी, युरोपीय, हवाईयन रक्त पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेलं. तरी मिश्र मुलांत दातांचे दोष विशेष वाढलेले दिसले नाहीत.

उलट जबड्याचा सर्वांत गाजलेला दोष नात्यातल्या लग्नांच्या घराण्यातला आहे. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (१६६१–१७००) याचे आईवडील सख्खे मामा-भाची. हॅब्सबर्ग घराण्याच्या चित्रांवरून २०१९ साली झालेल्या अभ्यासात, नात्यातली लग्नं जितकी जास्त, तितका खालचा जबडा पुढे आलेला आढळला. मिश्र लग्नांना बोल लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

हाडांचा सांगाडा घराण्यातून येतो, हे खरंच. दातांच्या गर्दीचं तसं नाही. १९९१ साली हॅरिस आणि जॉन्सन यांनी भावंडांच्या चौथ्या ते विसाव्या वर्षापर्यंतच्या नोंदी तपासल्या. वयाबरोबर चेहऱ्याच्या हाडांत आनुवंशिकतेचा वाटा वाढत गेला, दातांच्या ठेवणीत घटत गेला. १९८३ साली रॉबर्ट कोरुचिनी आणि सहकाऱ्यांना उत्तर भारतात शहरी मुलांचे दात खेड्यातल्या मुलांपेक्षा जास्त बिघडलेले आढळले; त्यांचा संशय मऊ, न चावाव्या लागणाऱ्या अन्नावर होता.

जबड्याचं हाड मात्र घराण्यातून येतं, म्हणून खालचा जबडा पुढे येणारं मूल असेल तर बाप, काका, आजोबा यांचे चेहरे पाहावे लागतात. वरचा जबडा पुढे ओढणारा फेस मास्क साधारण दहा वर्षांच्या आत लावला तरच हाडावर चांगला परिणाम होतो. नंतर कित्येकदा वाढ थांबेपर्यंत थांबून शस्त्रक्रियाच उरते. कॅम्पातल्या कुटुंबांचे आजोबा बहुधा केरळात नाहीतर पंजाबात असतात. त्यांचे बाजूने काढलेले फोटो पहिल्याच भेटीला डॉक्टरांकडे न्यावेत.