रिटर्न ऑफ द ओब्रा डिन

लुकस पोप या अमेरिकी निर्मात्याने जवळजवळ एकहाती घडवलेला, प्रथमपुरुषी दृष्टीतून खेळायचा शोध-कोडे प्रकारातील व्हिडिओ गेम. विंडोज आणि मॅकसाठी तो १८ ऑक्टोबर २०१८ रोजी आला, पुढच्या वर्षी स्विच, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर. ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) हा पोप यांचा आधीचा गाजलेला गेम.

कथानक : ‘ओब्रा डिन’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी जहाज १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघते, केप ऑफ गुड होपला पोहोचत नाही आणि बुडाले असे जाहीर होते. १८०७ मध्ये ते फाटक्या शिडांनिशी इंग्लंडच्या फालमथ बंदरात वाहत येते. जहाजावर जिवंत माणूस नाही. कंपनीचा विमा निरीक्षक म्हणून जहाजावर चढलेल्या खेळाडूला ६० जणांचे काय झाले ते नोंदवायचे असते.

खेळपद्धती : निरीक्षकाकडे एक खिशातले घड्याळ असते. मृतदेहाजवळ ते उघडले की आधी अंधारात त्या माणसाचे अखेरचे क्षण ऐकू येतात, मग मृत्यूचा नेमका क्षण गोठून समोर उभा राहतो आणि त्यात फिरून पाहता येते. सोबतच्या वहीत जहाजाचे नकाशे, माणसांची रेखाचित्रे आणि नाव, हुद्दा, मूळ देश सांगणारी यादी असते. कोण, कसा मेला आणि कोणाच्या हातून, हे ताडायचे. तीन जणांच्या नोंदी अचूक जुळल्या की वही त्या कायम करते. एकेक उत्तर अंदाजाने ठोकून पाहण्याची वाट त्यामुळे बंद होते, आणि गेमची खरी कमाल याच नियमात आहे.

पुरावे बारीक असतात : बोलण्याची ढब, झोळीवरचा क्रमांक, पायातले जोडे, कोण कोणासोबत वावरतो. कप्तान आणि अधिकारी लवकर ओळखू येतात. साधे खलाशी मात्र चिकाटी मागतात. त्यांत चिनी आहेत, भारतीयही आहेत. कंपनीच्या जहाजांवर हिंदी महासागरातले खलाशी मोठ्या संख्येने राबत, पण इतिहासात त्यांची नावे क्वचितच उरली. इथे प्रत्येकाला नाव आहे, आणि ते लावल्याशिवाय वही पूर्ण होत नाही.

चित्रशैली : सुरुवातीच्या मॅकिंटॉश संगणकांची आठवण देणारी. त्रिमित दृश्य केवळ दोन रंगांच्या ठिपक्यांत दिसते, छटा ठिपक्यांच्या दाटीतून उमटते. नजर फिरवताच हे ठिपके वळवळू लागत. पोप यांनी ठिपक्यांचा साचा पाहणाऱ्याभोवतीच्या काल्पनिक गोलावर बसवला, तेव्हा चित्र स्थिरावले. संगीतही त्यांचेच.

पुरस्कार : २०१८ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये कलादिग्दर्शनाचा, २०१९ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा स्यूमस मॅकनॅली महापुरस्कार, तसेच कलात्मक कामगिरी आणि खेळरचनेसाठी दोन बाफ्टा.

शेवट : तपास संपल्यावर कंपनी निरीक्षकाच्या नोंदींवरून प्रत्येकाचा हिशेब करते. कोणाच्या वारसांना भरपाई मिळते, कोणावर दंड बसतो.