मस्टरवरची बाग

घरामागं आमचा अर्धा एकर मुरमाड तुकडा होता. पाऊस झालाच तर मटकी, नाहीतर नुसती कुसळं. तिथं बोरीची बाग करायची, असं दादांनी 1991 च्या उन्हाळ्यात ठरवलं. सरकारनं फळबाग लागवड रोजगार हमीला जोडून जेमतेम वर्ष झालं होतं. खड्डे आपल्याच रानात खणायचे आणि मजुरी मात्र मस्टरवर घ्यायची! दादा शेतीखात्याच्या माणसाला दोनदा विचारून आले.

त्यांना खरं वाटत नव्हतं ते उगीच नाही. 1972 च्या दुष्काळात दोघांनी खडी फोडली होती, पाझर तलावाची माती वाहिली होती. हमीचा कायदा पुढं 1977 ला झाला, पण आमच्या माणदेशात दुष्काळी काम म्हणजे खडीच. आजी तर म्हणाली, "बोरं खाऊन प्वाट भरतंय व्हय?"

वीस फुटांवर एक, असे 54 खड्डे. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. खाली मुरूम एवढा कडक, की पहारीतनं ठिणग्या उडायच्या. मे महिनाभर खड्डे उन्हात तापू दिले, मग शेणखत, पालापाचोळा आणि तळ्यातला गाळ भरला. मृगात गावठी बोराच्या बिया टोकल्या. कलम आणून लावलं असतं, पण जागेवर उगवलेल्या बोरीचं सोटमूळ सरळ खोल जातं, पाण्यावाचून तग धरतं. पुढल्या पावसाळ्यात त्यावर उमराणचे डोळे भरले.

मजुरी मिळाली त्या दिवशी आईचं नाव वेगळं पुकारलं. सातबारा दादांच्या नावावर. त्या रानात ती वीस वर्षं राबली होती, पण तिथल्या कामाचे पैसे तिच्या हातात पहिल्यांदाच पडले, ते सुद्धा दादांच्या बरोबरीनं. तिनं ते पदरात बांधले, कुणाला दाखवले नाहीत. दादांनी दोनदा विचारलं. "हायती," एवढंच म्हणाली.

थंडी सरताना कुंभाराची गाडी दारात उभी राहिली. मडकी. प्रत्येकाच्या बुडाला भोक, त्यात चिंधीची वात. रोपाशेजारी पुरून भरलं की पाणी झिरपत राहतं. तरी 11 रोपं गेलीच.

1994 च्या संक्रांतीला सुगडात घरची बोरं पडली. आजीनं एक चावून बघितलं. "गोड हाय, पर बोराचा वास न्हाई," म्हणाली, आणि दुसरं उचललं.