कालवांचं आरमार आणि ब्रुक्स सरांचा सल्ला

बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरात राहणाऱ्या आपल्या बहुतेकांना चेसापीक बे म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात: देशातून पाहुणे आले की फिरवून आणायचा अ‍ॅनापोलिसचा धक्का आणि मसाला लावलेले खेकडे. पण या खाडीचं खरं वैभव म्हणजे ऑयस्टर, आपल्या कोकणातली कालवं. त्यांच्यापायी इथे चक्क बंदुका चालल्या आहेत!

यादवी युद्ध संपलं, रेल्वे आली, बाल्टिमोरमध्ये डबाबंद अन्नाचे कारखाने निघाले आणि कालवांना देशभर गिऱ्हाईक मिळालं. पूर्वी कोळी लांब दांड्यांच्या चिमट्यांनी कालवं वर काढत. आता शिडाच्या बोटी ड्रेज नावाचा लोखंडी दात्यांचा सापळा तळावरून ओढत नेऊ लागल्या. चिमटेवाले विरुद्ध ड्रेजवाले, मेरीलँड विरुद्ध व्हर्जिनिया अशा मारामाऱ्या सुरू झाल्या. मेरीलँडने १८६८ मध्ये त्यासाठी वेगळं सागरी पोलीस दल काढलं. लोक त्याला 'ऑयस्टर नेव्ही' म्हणत. थट्टेचा विषय वाटेल, पण पोटोमॅक नदीवरचा या भांडणातला एक बळी तर अगदी १९५९ सालचा आहे.

या गोंधळात एक शांत माणूस होता. विल्यम कीथ ब्रुक्स, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ. १८७९ मध्ये क्रिसफिल्ड गावी त्यांनी साध्या भांड्यांत कालवांची अंडी फलित करून दाखवली. युरोपातलं कालव पिल्लं शिंपल्याच्या आत वाढवतं, इथलं मात्र अंडी सरळ पाण्यात सोडून देतं, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे पिल्लं माणसाला तयार करता येतील! सरकारने त्यांना चौकशी आयोगावर नेमलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: शिकार थांबवा, शेती करा. खाडीचा तळ शेतजमिनीसारखा भाड्याने द्या, म्हणजे पेरणारा राखेलही. त्याच सुमारास, १८८४-८५ च्या मोसमात, सुमारे दीड कोटी बुशेल कालवं निघाली. तो उच्चांक. इतकी रेलचेल असताना प्रोफेसरचं कोण ऐकणार? १८९१ मध्ये त्यांनी 'द ऑयस्टर' हे पुस्तक लिहून तेच पुन्हा सांगितलं.

व्हर्जिनियाने तळ भाड्याने द्यायची पद्धत लवकर उचलली. मेरीलँडमध्ये मात्र कोळ्यांचा विरोध होता, आणि तो मला अगदीच चुकीचा वाटत नाही. आज सगळ्यांचं असलेलं पाणी उद्या पैसेवाल्या कंपन्यांचं होईल, ही भीती खोटी कशी म्हणायची? १९०६ चा कायदा झाला, पण पुढे त्याचे दात काढले गेले. मग १९४० आणि १९५० च्या दशकांत डर्मो आणि एमएसएक्स हे दोन रोग आले. (माणसाला त्यांचा त्रास नाही, कालव मरतं.) २००३-०४ च्या मोसमात मेरीलँडची आवक होती जेमतेम २६ हजार बुशेल. दीड कोटींवरून २६ हजार!

इथे फक्त जेवणाच्या ताटाचा प्रश्न नव्हता. कालव पाणी आत ओढून त्यातलं शेवाळ खातं. परिस्थिती अनुकूल असेल तर एक मोठं कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं. रॉजर न्यूवेल यांनी १९८८ मध्ये हिशेब मांडला: १८७० पूर्वीची कालवं सगळी खाडी तीन ते सहा दिवसांत गाळत असतील, आता त्याला जवळजवळ वर्ष लागेल. शेतांतून, सांडपाण्यातून आणि हो, दर एप्रिलला आपण लॉनवर टाकतो त्या खतातून नायट्रोजन खाडीत जातो, शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो.

यातून वाट निघाली ती प्रयोगशाळेत. १९८० च्या सुमारास मेन विद्यापीठात स्टँडिश अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेलं कालव तयार केलं. बिनबियांच्या कलिंगडासारखंच हे! प्रजननात शक्ती जात नाही, त्यामुळे ते उन्हाळ्यातही भरलेलं राहतं आणि बरेचदा रोगाने गाठण्याआधी विक्रीजोगं होतं. सुरुवातीला अंड्यांवर रसायन वापरावं लागे. पुढे रटगर्स विद्यापीठात शिमिंग ग्वो आणि अ‍ॅलन यांनी चार संचांचं कालव तयार केलं. त्याचा साध्या कालवाशी संकर केला की थेट तीन संचांची पिल्लं, रसायन नकोच. आज व्हर्जिनियातल्या कालवशेतीचा मोठा भाग यावर उभा आहे.

मेरीलँडने अखेर २००९ मध्ये भाडेपट्ट्याचे नियम सैल केले. आमच्या धंद्याच्या भाषेत, रिक्वायरमेंट डॉक्युमेंट १८९१ चं आणि गो-लाइव्ह २००९! २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या समितीच्या शिफारशीवरून, शेतीतून काढलेल्या कालवांच्या मांसाबरोबर जाणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस खाडीच्या स्वच्छतेच्या हिशेबात धरायला मान्यता मिळाली.

मात्र शेतातलं वांझ कालव खाडीची प्रजा वाढवत नाही, आणि पिंजरा म्हणजे कालवांचा नैसर्गिक खडक नव्हे. खडक परत उभे करणं हे वेगळं काम आहे. हॅरिस क्रीकमध्ये सुमारे ३५० एकरांवर ते झालं, २०१५ मध्ये तिथली पेरणी पूर्ण झाली. पिल्लं केंब्रिजजवळच्या हॉर्न पॉइंटच्या केंद्रातली. गावाकडेही देवगड तालुक्यात वाडातरच्या बचत गटातल्या बायका खाडीत कालवं वाढवू लागल्या आहेत. पूर्वी ओहोटीला खडकांवरून खरवडून आणायची, तीच.

इथे आता सगळ्यात मोठी चणचण आहे ती रिकाम्या शिंपल्यांची. पिल्लाला चिकटायला शिंपल्यासारखा कठीण पृष्ठभाग लागतो, आणि जुने शिंपले गेल्या शतकात रस्त्यांवर टाकून आणि चुन्यासाठी भाजून संपवले. म्हणून रेस्टॉरंटांच्या मागच्या दाराशी शिंपले गोळा करणारी गाडी येते. ते वर्षभर उन्हात वाळवतात, धुतात आणि त्यांच्यावर नवी पिल्लं बसवून पुन्हा खाडीत सोडतात.