फुप्फुसातील वायुविनिमय : स्रवण की विसरण ?

वायुकोशांच्या पातळ भित्तीतून प्राणवायू रक्तात कसा उतरतो, याचे उत्तर आज एका वाक्यात देता येते. वायुकोशातील हवेत त्याचा आंशिक दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर, तर फुप्फुसात येणाऱ्या रक्तात सुमारे ४० मिलिमीटर असतो. या दाबभेदामुळेच त्याचे विसरण घडते. तथापि हे वाक्य सर्वमान्य होण्यापूर्वी तीन दशके वाद चालला होता.

कोपनहेगनचे क्रिस्तियान बोर यांच्या मते फुप्फुस ही एक प्रकारची ग्रंथीच असून तिच्या पेशी प्राणवायूचे स्रवण करितात. ही कल्पना निराधार नव्हती. माशांच्या वाताशयात प्राणवायू खरोखरच स्रवतो आणि व्हेगस मज्जातंतू छेदल्यास ती क्रिया थांबते, हे बोर यांनीच दाखविले होते. शिवाय त्यांच्या मापनांत धमनीतील रक्ताचा प्राणवायुदाब कित्येकदा वायुकोशातील दाबाहून अधिक भरे.

या मापनांविषयी शंका आली ती त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग यांना. बोर यांच्या उपकरणात हवेचे आकारमान मोठे असल्याने रक्ताशी तिचा समतोल पुरता साधत नसे. क्रोग यांनी वाहत्या रक्तात हवेचा एक लहानसा बुडबुडा ठेविला. समतोल त्वरेने साधला. धमनीतील दाब वायुकोशातील दाबाहून कधीच अधिक आढळला नाही. १९१० साली त्यांनी सात निबंध प्रसिद्ध केले. त्यांतील काहींत पत्नी मारी यांचा सहभाग होता. गुरूंच्या मताचे खंडन करणे प्राप्त आहे, हे सांगतानाच त्यांनी गुरूंचे ऋणही मान्य केले.

वाद तेथे मिटला नाही. १९११ साली जे. एस. हाल्डेन यांनी अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंच शिखरावर प्रयोग करून विरळ हवेत तरी स्रवण होते, असा निष्कर्ष काढला. उलट केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट १९२० साली सहा दिवस काचेच्या बंद कक्षात विरळ प्राणवायूवर राहिले. त्यांच्या धमनीतील दाब वायुकोशाहून कमीच भरला. १९२१-२२ मध्ये पेरू देशातील सेरो दे पास्को येथील मोहिमेनेही तेच दाखविले. तरीही हाल्डेन यांनी १९३६ साली मृत्यू येईपर्यंत आपले मत सोडले नाही.

दोन्ही पक्ष प्रयोगनिष्ठच होते. भेद होता तो मापनाचा. म्हणून कोणताही आकडा स्वीकारण्यापूर्वी तो कोणत्या साधनाने मिळाला, हे अभ्यासकाने विचारले पाहिजे.