सरळ केसांची वाकडी वाट

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा गॅरेट मॉर्गन शिलाई मशीन दुरुस्त करायचा. १९०९ च्या सुमारास सुईच्या घर्षणाने कापड करपू नये म्हणून तो एक द्रावण बनवत होता. हात पुसलेल्या कापडाचे कुरळे धागे सरळ झाले, मग शेजारच्या कुत्र्यावर आणि शेवटी स्वतःच्या डोक्यावर प्रयोग झाला, अशी कथा सांगतात. त्यातून त्याचा केस सरळ करणाऱ्या मलमाचा धंदा उभा राहिला.

पुढची पिढी थेट कॉस्टिक सोड्याकडे वळली. बटाटा, अंडी आणि सोडा यांच्या घरगुती लगद्याने टाळू कशी पेटली, याचे वर्णन कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्सच्या १९६५ च्या आत्मचरित्रात आहे. केसाचे वळण केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांवर टिकते. सोडा ते बंध तोडतो, पण कातडीही सोडत नाही.

मग ‘नैसर्गिक’ म्हणवणारी उत्पादने आली. १९९४ मध्ये टीव्हीवरून विकल्या गेलेल्या ‘रिओ’मुळे कोणाचे केस गळले, कोणाचे हिरवे झाले. तक्रारी हजारोंनी आल्या.

धडा मात्र टिकला नाही. २०१० मध्ये ओरेगन राज्यात सलूनमधली केस सरळ करणारी एक ब्राझिलियन ट्रीटमेंट तपासली गेली. लेबलवर ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’, बाटलीत ते घातक रसायन ८ टक्क्यांच्या आसपास!

फसलेल्या ट्रीटमेंटवर उपाय मात्र मॉर्गनच्या काळचाच आहे. बिघडलेला केस पूर्ववत होत नाही. तो कापावा लागतो, आणि नवा महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो.